द्वारकाबाईंनी मागितलेला महिना

पोस्टकार्ड मधल्या सुट्टीत आले. माथ्यावर श्री नव्हते, तेव्हाच कोणीतरी गेल्याचे समजले. कोण, एवढेच वाचायचे राहिले होते. द्वारकाबाईंच्या भाच्यांनी लिहिले होते, की आत्या गेली, फार त्रास झाला नाही, आदल्या संध्याकाळपर्यंत नेहमीसारखी बोलत होती, पुढचे सर्व विधी रत्नागिरीसच उरकले. खाली एक ओळ होती : 'खोल्या पुढच्या महिनाअखेर मालकांच्या ताब्यात द्यायच्या आहेत, त्याआधी येऊन जावे.' मी कार्ड पदराआड धरून उभी होते तोच घंटा झाली. पुढचा तास गृहव्यवस्थेचा होता. डाळ कशी पारखावी हा त्या दिवशीचा विषय, आणि चिपळूणच्या आमच्या शाळेतल्या मुली घरून मूठ मूठ तूरडाळ फडक्यात बांधून घेऊन आल्या होत्या. मी तो तास घेतला. रजा मागून घरी जायला हवे होते असे आता वाटते, पण मुली डाळ तळहातावर पसरून माझ्याकडे पाहत होत्या, आणि बाईंनी जे मला दिले त्यातले नेमके तेवढेच त्या वेळी माझ्या हाताशी होते... त्याला आता सहा आठवडे झाले.

या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी द्वारकाबाई मराठे हे नाव ऐकले असेल. त्यांनी पुस्तक लिहिले नाही, सभेत भाषण केले नाही, की कुठल्या मंडळाच्या त्या चिटणीस नव्हत्या. रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी गृहव्यवस्था हा विषय शिकवला, इतकेच. माहेर राजापूरचे. अकराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले. थोरल्या भावाने घरच्यांचा राग पत्करून त्यांना पुण्यास शिकायला पाठवले. परत आल्या त्या राजापुरास न जाता रत्नागिरीत खालच्या आळीत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकट्या राहिल्या. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. उंच, सावळ्या, चालताना किंचित पुढे झुकलेल्या, बोलणे तुटक. गाण्याबजावण्याची आवड मुळीच नाही. आणि घर चालवण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या या बाईंना स्वतःला स्वयंपाक जेमतेम येत असे, हे आम्हा मुलींचे आवडते गुपित होते. त्यांच्या हातची आमटी म्हणजे हळदीचे पाणी. एकदा जळण वाचवण्यासाठी त्यांनी भाताच्या पेंढ्याने भरलेली लाकडी पेटी वर्गात आणली. अर्धा शिजलेला भात पातेल्यासकट त्या पेटीत झाकून ठेवायचा, म्हणजे तो आतल्या आत शिजतो, असे त्या म्हणाल्या. दोन तासांनी पेटी उघडली तेव्हा भात शिजला नव्हता, फक्त पेंढा भिजला होता. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो. बाई पातेल्यात पाहत शांतपणे म्हणाल्या, "हसा हो, हसा. पण का शिजला नाही ते उद्या लिहून आणा."

आमचे घर पेठकिल्ल्यावर. माझे वडील एका व्यापाऱ्याच्या गलबतावर सुकाणू धरीत. आमच्या घरात माझ्याआधी अक्षर कुणालाच येत नव्हते. बंदरावर मिळणारे कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागतात याची बाबांना लाज वाटे, म्हणून त्यांनी मला शाळेत घातले. आणि मराठी शाळा संपल्यावर "अजून थोडं शिकू दे" म्हणून मुलींच्या शाळेच्या इंग्रजी वर्गात पाठवले. मला गणित आवडे, इंग्रजी आवडे. गृहव्यवस्थेचा तास मात्र मला अपमान वाटे. घर चालवणे आईकडून शिकता येते, त्याला बाई कशाला हवी? पुढे कळले, की गावातल्या बऱ्याच लोकांचेही हेच म्हणणे होते.

बाईंचा एक तास मात्र साऱ्या गावाला ठाऊक होता. आम्ही त्याला न घेण्याचा तास म्हणायचो. आठवड्याच्या बाजारादिवशी बाई एका मुलीच्या हातात आपला स्वतःचा चांदीचा रुपया ठेवीत. चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात आख्खा रुपया! तिने तो घेऊन तासभर बाजारात हिंडायचे, जे दिसेल त्याचा भाव विचारायचा, माल हातात घेऊन पारखायचा, आणि काहीही न घेता रुपया तसाच परत आणायचा. आल्यावर बाई विचारीत, "काय घ्यावंसं वाटलं?" मुलगी सांगे ते त्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवीत, आणि पुढच्या बाजारी पुन्हा तिलाच विचारीत, "अजून वाटतंय का गो?" बहुतेक वेळा मुलगी लाजून हसे, कारण ती ते विसरूनही गेलेली असे. एका मुलीला मात्र हिरव्या काचेच्या बांगड्या चार बाजार सतत हव्याशा वाटल्या. पाचव्या खेपेला बाई स्वतः तिच्याबरोबर कासाराकडे गेल्या आणि त्याच रुपयातून तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरून घेऊन आल्या. "चार बाजार टिकलं, म्हणजे खरंच हवं होतं," एवढेच म्हणाल्या. तेव्हा बाई कवडीचुंबक होत्या असे कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही.

माझी पाळी आली ती भाद्रपद सरता सरता. बांगडा मासळीचा हंगाम नुकता सुरू झाला होता. रुपया मुठीत घट्ट धरून मी किराणा पाहिला, कापड पाहिले, मडकी वाजवून पाहिली. सगळे नीट चालले होते. मग मासळीच्या ओळीत शिरले, आणि तिथे माझी गंगूमावशी बसलेली.

"चंद्रे! हतं ये गो. काय फिरतंस अशी उनातानाची?"

"काही नाही मावशी, शाळेचं काम आहे."

"बाजारात शाळा? बरी हाय तुजी शाळा. हातात काय लपवलंस? बघू... बाय बाय, रुपाया! मग घे की मावशीकडचे बांगडे. सकालपासून भवानी नाय झाली."

"मावशी, घ्यायचं नाही आहे. बाईंनी सांगितलंय."

"काय सांगितलान? मावशीकडचं घेव नको म्हणून सांगितलान?" मावशीचा आवाज चढला तशा शेजारच्या दोघी तिघी वळून पाहू लागल्या. "ऐकलाव काय गो? भैनीची पोर, आता मावशीचे बांगडे चालत नाय तिला!"

आमच्याकडे किराण्याच्या दुकानातून हात हलवीत निघून येणे शक्य आहे. पण सख्ख्या मावशीच्या टोपलीपुढून, तिची भवानी व्हायची असताना, रिकाम्या हाताने उठून जाणे... ते धैर्य माझ्यात नव्हते. मी एक आण्याचा वाटा घेतला. मावशीने वर दोन बांगडे टाकले, केळीच्या पानात बांधून दिले, गालावरून हात फिरवला. मग पुढे काय करावे ते सुचेना. घर लांब, तास संपत आलेला. शेवटी ते पान दप्तरात घालून मी शाळेत गेले. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली मासे न खाणाऱ्या घरच्या. मी दारातून आत आले मात्र, पहिल्या बाकावरच्या मुलींनी नाकाला पदर लावले. एकजण तर उठून खिडकीशीच गेली. मी बाईंच्या टेबलावर पंधरा आणे ठेवले आणि रडू लागले.

बाईंनी पंधरा आणे पाहिले, दप्तराकडे पाहिले. त्यांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. "कितीला घेतलेस?" त्यांनी विचारले. मी म्हटले, आण्याला. "किती?" आठ, आणि दोन वर. "ताजे आहेत?" मी डोळे पुसत म्हटले, "हो." "कशावरून?" आता हे तर मला न शिकताच येत होते. मी सांगितले, कल्ले लाल हवेत, डोळा वर आलेला आणि चकचकीत हवा, अंग बोटाने दाबले तर खळगा राहता कामा नये. "दाखव," बाई म्हणाल्या. मग शाळेच्या मागच्या पायरीवर पान उघडून मी सगळ्या वर्गाला बांगडा पारखून दाखवला, आणि बाई दोन हात अंतरावर, पदर सावरून, पण पुढे झुकून पाहत होत्या. नाकाला पदर लावलेल्या मुलीही मागून टाचा उंचावून पाहत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "मला हे येत नव्हतं. आज कळलं." आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "दुकानदाराला नको म्हणता येतं. आपल्या माणसाला नको म्हणणं अवघड. हे मी शिकवायला हवं होतं, मी शिकवलं नाही. चूक चंद्राची नाही." त्या पायरीवर मला पहिल्यांदा वाटले, की मीही कुणाला काही शिकवू शकेन. आज मी मास्तरीण आहे. त्याची सुरुवात कुठून झाली असे कुणी विचारले, तर मी बांगड्यांच्या पानापासून असे सांगते आणि लोकांना थट्टा वाटते.

व्यापाऱ्यांना हा तास आवडत नसे हे ओघानेच आले. एक कापडवाले एकदा शाळेत तक्रार घेऊन आले. "बाई, तुमच्या पोरी आल्या की गिऱ्हाईक पळतं."

"का हो? काही फाडतात का?"

"फाडत नाहीत. भाव मोठ्यानं विचारतात."

"मग तुम्ही हळू सांगा," बाई म्हणाल्या. बाईंनी विनोद केला असे वाटून कापडवालेच हसले. बाई हसल्या नव्हत्या.

त्याच वर्षी कार्तिकात बाबांचे गलबत गुहागरच्या समोर तुफानात सापडले. चौघे पोहून आले. बाबा त्यांत नव्हते. त्याविषयी मी इथे अधिक लिहीत नाही... पौषात गलबताचे मालक स्वतः आमच्या घरी आले, अंगणात उभे राहून आईच्या ओंजळीत अडीचशे रुपये ठेवले आणि मान खाली घालून निघून गेले. एवढे पैसे आमच्या घराने कधी एकत्र पाहिले नव्हते. आठ दिवसांच्या आत माझे काका स्थळ घेऊन आले. मुलगा मुंबईस गिरणीत कामाला, घरची माणसे ओळखीची. काका वाईट नव्हते. भावामागे भावाच्या मुलीचे हात पिवळे करणे हे त्यांना आपले काम वाटत होते. शिवाय घाईला कारण होते. आमच्याकडे घरातला कर्ता गेला, तर मुलामुलींची लग्ने वर्षाच्या आत उरकायची. वर्ष उलटले तर मग तिसरे वर्ष सरेपर्यंत घरात मंगलकार्य करायचे नाही. मी चौदा वर्षांची होते. आता नाही तर थेट सतराव्या वर्षी. अडीचशे रुपये एक तर माझ्या लग्नाला लागणार होते, नाही तर माझ्या शाळेला; दोन्ही होणार नव्हते. आईने नवी जाळी विणायची कामे धरली होती. ती काही बोलत नसे. मी शाळेत जात होते, पण प्रत्येक दिवशी हा शेवटचा असेल असे वाटून पुस्तके परत बांधीत असे.

मी बाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी दुपारी पेठकिल्ला चढून आमच्या घरी आल्या. काका ओटीवर बसलेले होते, आई उंबऱ्याशी. बाई माझी बाजू मांडणार, शिक्षणाचे महत्त्व सांगणार, काकांना निरुत्तर करणार, या कल्पनेने मी दाराआड उभी होते.

काकांनीच आधी सुरुवात केली. "बाई, तुमी शिकवलात, चांगलं झालं. पण वरसाच्या आत झालं तर झालं, नायतर तीन वरसं मांडव नाय. तवर ही सतरा वरसांची घोडी कोण करून घेल?"

"लग्न करू नका म्हणायला मी आल्ये नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"पैसे कुठे ठेवलेत ते विचारायला आल्ये."

आईची नजर घरातल्या कोपऱ्यातल्या भाताच्या कणगीकडे गेली आणि परत आली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "तुम्ही काही बोलला नाहीत, तरी मला कळलं. मला कळलं तसं आणखी कुणाला कळेल. ते पोस्टात ठेवा."

"पोस्टात?" आई त्या दिवशी प्रथमच बोलली. "नि सरकार बुडालं तर?"

"सरकार बुडेल तेव्हा बुडेल हो. मागायला येणारी माणसं त्याच्या आधी येतील."

काका हसले, आणि मग आपण का हसलो असे त्यांना वाटले असावे. बाईंनी आईकडे वळून म्हटले, "मला एक महिना द्या. महिनाभर हे पैसे कशालाच द्यायचे नाहीत. लग्नाला नाही, शाळेलाही नाही. जो येईल त्याचं ऐकून घ्या, आणि 'बघत्ये' म्हणा. महिना झाला की तुम्हाला पटेल ते करा. मी पुन्हा विचारायला यायची नाही."

"शाळेलाही नाय?" काकांनी खात्री करून घेतली.

"शाळेलाही नाही. तिची या महिन्याची फी तुंबेल. शाळेत काय सांगायचं ते मी सांगेन."

काकांना हे रास्त वाटले. मला मात्र नाही. बाई उतरणीवरून दिसेनाशा होईपर्यंत मी पाहत होते आणि मनात म्हणत होते, की यांनी माझ्यासाठी एक शब्दसुद्धा टाकला नाही. दुसऱ्या दिवशी त्या आईला घेऊन पोस्टात गेल्या. आईने अंगठा उठवला, आणि शाईचे बोट दोन दिवस पदरात लपवून ठेवले.

त्या महिन्यात आमच्या ओटीवर किती माणसे येऊन गेली! कुणाला नव्या जाळ्यासाठी उसने हवे होते, कुणी मचव्यात भागी देऊ करीत होता, कुणी देवळाच्या सभामंडपासाठी आला. एका दूरच्या आत्याने तर बाबांच्या नावाने किनाऱ्यावर तुळशीवृंदावन बांधावे असे सुचवले आणि ते बांधणारा गवंडी तिचाच जावई निघाला. आई सर्वांचे ऐकून घेई, गुळाचा खडा आणि पाणी देई, आणि शेवटी बाईंचाच शब्द बाईंच्याच चालीवर म्हणे, "बघत्ये." एका संध्याकाळी जाळे विणता विणता ती मला म्हणाली, "आज पाच जणं आली गो. माजे पैसे कशाला लागतील तां पाचांनाव ठावक. मना कोण इचारीत नाय."

माघ सरला. काका आले. "महिना झाला, वयनी."

"झाला भावजी. पण अजून बघत्ये."

"बघत्ये? मास्तरीण झालीस काय गो?"

फाल्गुनात शिमग्याला आले, तरी तेच. चैत्रात तेच. माझी फी मात्र आईने पोस्टातून काढून भरली; त्याविषयी ती काकांशी काही बोलली नाही आणि काकांनीही विचारले नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या, काका घरीच, तेव्हा दर चार दिवसांनी विचारणा होऊ लागली. गणपतीला मुलगा मुंबईहून आला. मी त्याला मांडवी बंदरावर लांबून पाहिले. स्वतःची वळकटी काखेत मारून म्हाताऱ्या आईला हात देऊन उतरवीत होता. वाईट मुलगा नव्हता, हे मला इथे लिहिले पाहिजे. त्या दिवशी घरी येऊन मी आईला विचारले, "तू काय ठरवलंस?" तर ती म्हणाली, "तू अभ्यास कर."

कार्तिक आला. बाबांचे वर्षश्राद्ध झाले. पंगत बसली होती, आई वाढत होती. काका भात कालवीत सहज म्हणाले, "आता चंद्रीच्या लग्नाचा इचार म्हंजे तीन वरसं..." आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून आईकडे पाहिले. सबंध वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावे.

"वयनी, तुला हां आधीपासना ठावक होतां?"

"भावजी, ताक घ्या," आई म्हणाली.

ती तीन वर्षे सरली तेव्हा मी इंग्रजी सहावीत होते, आणि ते स्थळ काकांनीच कधीचे जयगडच्या एका मुलीसाठी जमवून दिले होते. "आता एक तर वरीस ऱ्हायलं, घेवंदे करून," असेही तेच म्हणाले. मॅट्रिकनंतर शिष्यवृत्तीवर मी पुण्यास गेले, पदवी घेतली. पेठकिल्ल्यावरच्या आमच्या वस्तीत ती पहिलीच. या साऱ्याचे श्रेय मी जिथे तिथे द्वारकाबाईंना दिले. एका महिन्याचे निमित्त करून त्यांनी माझी तीन वर्षे कशी वाचवली, रूढीवर रूढीनेच कशी मात केली, ही हकीकत मी बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्यादेखत सांगितली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र खाली पाहत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "मी एकच महिना मागितला होता हो." मला तो त्यांचा विनय वाटला.

शेवटची भेट गेल्या मे महिन्यात झाली. डोळ्यांना अंधुक दिसू लागले होते. कुणाला कशी आहेस असे विचारण्याची त्यांची रीत कधीच नव्हती, त्यांनी विचारले, "चिपळूणला तांदूळ काय भाव?" मी सांगितला. त्यांनी मनाशी काही जुळवले आणि म्हणाल्या, "मग तू रत्नागिरीहून नेऊ नकोस." निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा पाठीवर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला असे आता वाटते. आता वाटते...

मागच्या रविवारी मी खोल्यांवर जाऊन आले. आईला सांगितले तर म्हणाली, "मीव येतंय." भाचे आणि त्यांच्या पत्नी राजापूरहून येऊन सामान बांधीत होते. त्यांनी बाहेरच्या खोलीत चटई टाकली. आई तिथे बसली नाही. ती सरळ आत स्वयंपाकघरात गेली, खिडकीखाली भिंतीला टेकून बसली आणि जमिनीवर हात ठेवून मला म्हणाली, "हतं बसवलानी मना."

ती त्या घरी कधी येऊन गेली होती हेच मला ठाऊक नव्हते. गणपतीच्या दिवसांत, ती म्हणाली. मुलगा मुंबईहून आला होता तेव्हाच. नारळ द्यायला म्हणून आली होती. बाईंनी तिला आत बोलावले. मासे खाणाऱ्या घरच्या बाईने त्यांच्या स्वयंपाकघरात कसे जावे, शेजारी काय म्हणतील म्हणून आई उंबऱ्याशीच घुटमळली, तर बाईंनी हात धरून इथे आणून बसवले. आणि म्हणाल्या, "मी त्या मुलाची चौकशी केली, मुलगा निर्व्यसनी आहे, माणसं चांगली आहेत. मला संसाराचा अनुभव नाही हो. उद्या चंद्राचं काही चुकलं तर मी ते भरून देऊ शकणार नाही. माझ्या शब्दाखातर थांबला असाल तर थांबू नका. तो शब्द मी परत घेत्ये."

ज्या गोष्टीसाठी मी दहा वर्षे बाईंचे उपकार गावभर सांगत होते, ती मोडून टाकायला बाई स्वतः निघाल्या होत्या.

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाई, तुमचा एक महिना व्हता. तो माघातच सरला. फुडचे महिने माजे हायत."

भाच्यांच्या पत्नी हातातले भांडे तसेच धरून ऐकत होत्या. मी विचारले, "आणि बाई?"

"कणकेची परात बाजूला सारलानी. म्हणाल्या, 'चहा घ्याल?' नि केलानी. नुसतां पाणी गो." आई हसली, मग हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. "पण दोन कप केलानी. मना एकटीला नाय दिलानी. माज्या म्होरं बसून प्यायल्या."

थोड्या वेळाने ती उठली. खिडकीत लोणच्याची एक बरणी होती आणि ऊन सरकत सरकत थेट तिच्यावर आले होते. सामान बांधण्याच्या गडबडीत कुणाचे लक्ष गेले नसावे. आईने कुणाला न विचारता ती बरणी दोन्ही हातांनी उचलली, आतल्या कोनाड्यात सावलीला ठेवली, झाकणावरचे फडके नीट करून त्याचा दोरा घट्ट बांधला, आणि पुन्हा खिडकीखाली आपल्या जागेवर येऊन बसली.